अर्धा गुट्टा

लग्न होऊन सांगलीला आले त्याला दोनतीन वर्षं झाली असतील. घरात नवी नवी केबल आली होती आणि आमचे हे सुट्टीच्या दिवशी टीव्हीसमोरून हलायचे नाहीत. एका दुपारी मला हाक मारून बसवलं. पडद्यावर समुद्र, समुद्रात फळीवर उभा राहिलेला एक गोरा पोरगा, आभाळात भलामोठा पतंग आणि त्या पतंगाची दोरी पोराच्या कमरेला. पतंग ओढतोय, फळी पाणी कापत चाललीय. "काय छाती आहे बघ," हे म्हणाले. मी म्हणाले, "छातीचं काय घेऊन बसलाय? फळीचं नाक बघा, कसं वर वळवलंय. तसं नसतं तर हा केव्हाच तोंडावर पडला असता." हे हसले. म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

माझं डोकंच फिरलं. हातातलं सूप तिथंच आदळलं, हळकुंडं घरभर पसरली आणि मी उठून आत गेले. काय कळतंय म्हणे! एका फळीपायी माझ्या थोरल्या भावाचा पाय मोडला, चुलत्याचे दात पडले, माझ्या बापाच्या हातावर माझ्या दातांचा वण उठला, आणि मला विचारतात काय कळतंय.

माझं माहेर शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराला टेकून. जिल्हा सांगलीच, पण दुष्काळी आटपाडीच्या माणसाला तिथला पाऊस सांगितला तर तो आपल्याला वेड्यात काढेल. सगळी भाताची खाचरं. लावणीआधी खाचरात चिखल करायचा आणि तो सपाट करायला बैलांच्या मागं एक जाड, रुंद फळी बांधायची. तिला आम्ही गुट्टा म्हणतो. माणूस त्या फळीवर उभा राहतो, एका हातात कासरा, दुसऱ्या हातात बैलाचं शेपूट, आणि बैल पळतात. नुसतं उभं राहायचं, पण ते उभं राहणं सोपं नाही. फळी पुढं कलली की नाक चिखलात घुसतं आणि माणूस बैलांच्या खुरांत जातो. लावणी उरकली की राखून ठेवलेल्या एका खाचरात याच गुट्ट्यांच्या शर्यती लागायच्या. एका वेळी दोन जोड्या सोडायच्या, मधे चुन्यात बुडवलेली दोरी ताणून रेघ दाखवायची आणि दोरी काढून घ्यायची. रेघ सोडली की बाद.

आजोबांचा गुट्टा सगळ्या खोऱ्यात नावाजलेला होता. ऐनाचं एकसंध लाकूड, दोन माणसांनी उचलावं असं. पुढची कड खालून तासून गोल वर आणलेली, त्यामुळं चिखल फळीच्या पोटाखाली जायचा आणि फळी त्यावर चढून चालायची. तळाला तीन उभ्या खाचा होत्या, दोन कडेला आणि एक बरोबर मधोमध. त्या खाचा चिखलाला धरून ठेवायच्या, फळी आडवी सरकायची नाही. आजोबा त्यावर विडी ओढत उभे राहायचे म्हणतात.

आजोबांचे दिवस झाले आणि माझे वडील नि धाकटे चुलते वाटणीला बसले. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, चुलत्यांना तात्या. मी तेव्हा लहान होते, पण तो दिवस मला कालचा असल्यासारखा आठवतो. जमीन वाटली, बैल वाटले, तांब्याभांडी वाटली आणि गुट्ट्यापाशी गाडं अडलं. आबा म्हणाले, "मी थोरला. गुट्टा माजा." तात्या म्हणाले, "म्हाताऱ्यामागनं त्याच्यावर मी हुबा ऱ्हायलो. माजा." बोलाचाली झाली, आयबहिणी निघाल्या आणि आबांनी बसायचा पाट उचलून तात्यांच्या तोंडावर हाणला. पुढचे दात सोप्यात पडले. तात्या तसेच रक्ताळलेल्या तोंडानं उठले, गोठ्यातून मोठी करवत घेऊन आले आणि आबांपुढं टाकली. "कापा मग. बापाला कापल्यागत कापा."

आणि कापला. ती करवत दोघांनी ओढायची असते. दोघे सख्खे भाऊ दोन टोकांना बसले, एकमेकांच्या तोंडाकडं न बघता, आणि ओढत राहिले. तात्यांच्या हनुवटीवरून रक्त भुशात पडत होतं. पंच मंडळी मान खाली घालून बसली होती. करवत बरोबर मधल्या खाचेतून गेली, कारण तिथं खूण आयतीच होती. डावा अर्धा आबांना, उजवा तात्यांना.

अर्ध्या फळीवर कोण उभा राहणार? आबांनी आपल्या अर्ध्याला उजवीकडून आंब्याची नवी फळी जोडली, लोखंडी पट्ट्या ठोकल्या. तात्यांनीही तेच केलं, फक्त डावीकडून. दोन्ही घरी गुट्टा पुरा झाला. दोघेही मिशीला पीळ देत म्हणायचे की बापाचा खरा गुट्टा माझ्याकडंच आहे.

दादा मिसरूड फुटल्यापासून त्या गुट्ट्यावर उभा राहायला लागला आणि त्याच दिवसापासून मार खायला लागला. जोडी सोडली की गुट्टा डावीकडं ओढायचा. आबा बांधावरून शिव्या घालत यायचे आणि आसूड काढायचे. त्यांचं एकच पालुपद, "लाकडाला काय जीव हाय का रं? लाकूड चुकत न्हाई. चुकतो त्यो पाय!" हळूहळू दादाला उमगलं की उजव्या पायावर भार दिला की फळी जरा सरळ चालते. पण तसं उभं राहिलं की कंबर एका बाजूला जाते. आबांना ते खपायचं नाही. "बाईगत कंबर काडून काय हुबा ऱ्हातोयस?" म्हणायचे आणि आसूड बरोबर त्या उजव्या पोटरीवर बसायचा. असं करून करून त्यांनी त्याला सरळ उभं राहायला शिकवलं.

मी दहावीला होते त्या वर्षीची शर्यत. चिठ्ठ्या टाकल्या आणि नशीब बघा, आमची जोडी नि तात्यांची जोडी एकत्र आली. आमची उजवीकडं, त्यांची डावीकडं. त्यांच्या गुट्ट्यावर तात्यांचा थोरला मुलगा होता, दादाच्याच वयाचा. बांधावर माणूस मावत नव्हतं, दोन्ही घरची भाऊबंदकी सगळ्यांना ठाऊक. निशाण पडलं, बैल उधळले, चिखल माणसाच्या डोक्यावरून उडाला. अर्ध्यात गेले आणि आमचा गुट्टा डावीकडं झुकायला लागला, त्यांचा उजवीकडं. दादा ओरडला, "सर! सर बाजूला!" पलीकडून तोही तेच ओरडत होता. दादानं उजव्या पायावर भार दिला, कंबर काढली, फळी वळायला लागली होती. मी डोळ्यांनी बघितलं. पण समोर बांधावर आबा आसूड उगारून पळत होते. दादानं त्यांच्याकडं बघितलं आणि तो पुन्हा सरळ उभा राहिला.

त्यांच्या गुट्ट्याचा कोपरा आमच्यावर चढला आणि दादाची डावी नडगी दोन फळ्यांमध्ये सापडली. आवाज आला तो मला अजून येतो. बैल थांबले नाहीत, तसंच फरफटत नेलं.

आबांनी खाचरात उडी घेतली. मला वाटलं दादाकडं जातात. कसलं काय! ते तात्यांच्या पोराकडं गेले आणि आसुडाच्या दांड्यानं त्याची भुवई फोडली. तात्या खुंटा उपसून आले. मग दोन्हीकडची माणसं चिखलात उतरली, कोण कुणाला मारतोय ते तोंडं चिखलानं माखल्यामुळं कळत नव्हतं. कुणाचा कान फाटला, कुणाचा हात निखळला, एक बैल शिंग मोडून ओरडत होता. या सगळ्यातून आई आणि मी दादाला काखेत धरून बांधावर ओढून आणलं. हाड कातडीबाहेर आलं होतं. तो ओरडतही नव्हता.

तेवढ्यात आबा धापा टाकत आले. पोराचा पाय बघितला आणि म्हणाले, "त्यांच्याकडं बगून भ्यालास. रेघ सोडलीस." आणि त्या तसल्या पोरावर आसूड उचलला. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. रक्त तोंडात आलं तरी सोडलं नाही. तो वण त्यांच्या हातावर मरेपर्यंत राहिला आणि मला त्याचं अजून बरं वाटतं.

पाय कऱ्हाडला बसवला, पण आखूड राहिला. दादा लंगडत घरी आला तेव्हा गावभर झालं होतं की आबांचा थोरला पोरगा भ्याला, भागूबाई निघाला. हे बोलणारे पहिले आमचे आबाच. चहाच्या टपरीवर, देवळात, पाहुण्यांच्या पंगतीत, जिथं तिथं. दादा पुरुषांच्या पंगतीला बसेनासा झाला, गोठ्यातच जेवायचा, तिथंच झोपायचा. मी ताट घेऊन गेले की म्हणायचा, "पायाचं मला काय न्हाई गं. आखूड तर आखूड. फकस्त आबांनी येकदा म्हनावं, चार लोकांत, की माजा पाय चुकला नव्हता." त्याला दुसरं काही नको होतं. आणि तेवढंच आमच्या घरात मिळणार नव्हतं.

गोठ्यात त्याच्या समोरच भिंतीला गुट्टा उभा केलेला असायचा. पुढच्या वर्षी वळवाचे पाऊस झाले, ओढ्याला पाणी आलं. आबा शिराळ्याच्या बाजाराला गेलेले बघून दादा म्हणाला, "चल गं, जरा हात लाव." आम्ही दोघांनी तो जड गुट्टा लोळवत ओढ्याच्या डोहावर नेला आणि पाण्यात ढकलला. ऐनाचं लाकूड जड, पाण्यात बसणारं. आंबा हलका. डावी बाजू हळूहळू खाली गेली, उजवी वर आली आणि गुट्टा तिरका होऊन गोल फिरायला लागला. दादा काठावर बसून बघत राहिला. मग एकदम हसायला लागला, हसता हसता मोठ्यानं रडायला लागला. "बग, बग की! माजा पाय न्हाई त्याच्यावर. कुनाचाच न्हाई. तरीबी कलतोय!"

आम्ही गुट्टा बाहेर ओढून पुन्हा गोठ्यात लावला आणि त्यानं त्याच दिवशी आबांना सांगितलं. चुकीच्या माणसाला खरं सांगितलं. आबांनी पुढ्यातलं ताट उचलून त्याच्या कपाळावर मारलं. "फळी वाईट म्हंजी कापनारा वाईट, आसंच ना? मला शिकवतोस?" तेव्हा मला कळलं की हा माणूस कधीच कबूल होणार नाही. फळी चुकली म्हटलं असतं तर वाटणीचा दिवस चुकला म्हणावं लागलं असतं.

मग मी ती गोष्ट केली जी आमच्या घरात कुणी करत नव्हतं. तात्यांच्या पोराशी बोलले. पिठाच्या गिरणीत गाठलं, भुवईवर आबांनी दिलेला वण तसाच होता. म्हटलं, "तुमचा गुट्टा कुनीकडं पळतो?" तो म्हणाला, "उजवीकडं. कायबी करा, उजवीकडंच." आणि त्यानं सदरा वर करून पाठ दाखवली. तात्यांचा आसूडही आमच्याच आसुडासारखा चालत होता.

लावणी उरकली. शर्यतीआधीच्या बाजाराच्या दिवशी दोन्ही बाप गावाबाहेर. आम्ही तिघं ओढ्याकाठच्या करंजाखाली जमलो. दोन्ही गुट्ट्यांच्या आंब्याच्या फळ्या काढून टाकल्या आणि ऐनाचे दोन अर्धे एकमेकांना लावले. करवतीनं खाल्लेली फट मधे उरली, तिथं ऐनाचीच पातळ चिप बसवली, वरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. मधली खाच पटाशीनं पुन्हा मोकळी केली. दादा उभा राहून बघायला गेला तर आखूड पाय टेकेना. मग तात्यांच्या पोरानं डाव्या पायाच्या जागी बोटभर जाडीची एक लाकडी पट्टी ठोकली. दादानं पाय ठेवला आणि वर्षभरात पहिल्यांदा तो सरळ उभा राहिला.

आधी बैलांमागं मीच उभी राहिले. बाईमाणसानं गुट्ट्यावर पाय ठेवायचा नाही असं आमच्याकडं आहे. असेल! दादा म्हणाला, पडलीस तर आबा जीव घेतील. मी म्हटलं, घेऊ देत. बैल सुटले आणि अगं बाई, काय सांगू! फळी चिखलावर चढली, पायाखाली सळसळ व्हायला लागली, डावीकडं नाही, उजवीकडं नाही, सरळ. मला काही करावंच लागत नव्हतं. मी नुसती उभी होते आणि ओरडत होते.

शर्यतीच्या दिवशी दादा गुट्टा घेऊन खाचरात उतरला तेव्हा लोक हसले. "लंगडा घोडा आला रं," कुणीतरी म्हणालं. दोन्ही अर्धे ऐनाचेच आहेत हे दिसू नये म्हणून आम्ही गुट्ट्याला चिखलानं लिंपलं होतं. आबा बांधावर तोंड वाकडं करून उभे. तात्या तिकडं आपला गुट्टा कुठं गेला म्हणून पोराला बडवत होते आणि पोरगा मार खात गप्प होता.

निशाण पडलं. दादाच्या बाजूला दुसऱ्या गावची तगडी जोडी होती. ती अर्ध्यातच मागं पडली. दादा हललासुद्धा नाही. रेघ दोरीनं आखल्यासारखी मागं उमटत गेली. सगळं खाचर ओरडत होतं आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं आबा. फेटा उडवून नाचत होते. "माजा पोरगा! माजा गुट्टा!"

गुट्टा ओढ्यात धुतला तेव्हा ऐनाचे दोन्ही अर्धे दिसले. तात्यांनी पाण्यात उतरून तळावरून हात फिरवला, तीन खाचा मोजल्या आणि किंचाळले, "ह्यो माजा अर्धा! चोर हाय ह्यो!" आबांनी त्यांच्या नरड्याला हात घातला. दोघे म्हातारे होऊ घातलेले भाऊ, एकमेकांना पाण्यात बुडवत होते. सोडवायला गेलेल्याच्या छातीत तात्यांनी लाथ मारली. आबा सुटले, कुणाच्या तरी गाडीतली कुऱ्हाड काढून आले. "माज्या हातानं कापला हुता, माज्या हातानं तोडतो. कुनालाच नगं!"

दादा लंगडत पुढं झाला आणि त्या गुट्ट्यावर उताणा निजला. "तोडा. पर आदी सांगा."

आबांची कुऱ्हाड वरच राहिली. "ऊठ."

"न्हाई उठत. गाव हाय हितं समदं. सांगा, माजा पाय चुकला हुता का?"

  मी बघत होते की आता ही कुऱ्हाड पडते का काय. मी ओरडले, "बोला की आबा! तोंड शिवलंय काय!" त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आपल्या मनगटाकडं, मग तात्यांकडं. तात्या गुडघाभर पाण्यात उभे होते, मोडक्या दातांचं तोंड उघडं.

"न्हाई चुकला," आबा म्हणाले.

"मोट्यानं."

"तुजा पाय न्हाई चुकला. कापाय नगं हुता त्यो. आमी कापाय नगं हुता."

दादा उठला. बापाच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली, जशी लहान पोराच्या हातातून विळी काढून घ्यावी तशी. मला वाटलं आता तो ती पाण्यात फेकणार. त्यानं ती उगारली आणि मधल्या पट्ट्यांवर घाव घातले, एकेक करून, पट्ट्या तुटेपर्यंत. गुट्टा पहिल्यांदा कापला होता तिथंच दुभंगला. त्यानं उजवा अर्धा तात्यांच्या पायाशी ढकलला, डावा आबांच्या.

"घ्या तुमची वाटनी. माजं मला मिळालं."

त्या दिवाळीनंतर दादा विट्याच्या एका गलाईवाल्याबरोबर सोनं गाळायच्या दुकानात कामाला लांब मुलखात निघून गेला. एसटीत चढवायला आबा गेले होते. त्याची पिशवी त्यांनी उचलली होती. आमच्या घरातून पुन्हा कुणी गुट्ट्यावर उभं राहिलं नाही, तात्यांच्याही नाही.

अर्धा गुट्टा गोठ्यात भिंतीला तसाच राहिला. डाव्या पायासाठी ठोकलेली ती बोटभर पट्टी त्याच अर्ध्यावर होती. एका बेंदराला मी सांगलीहून माहेरी गेले. आबांनी बैल धुतले, शिंगांना हुरमुंज लावला आणि वाटीत उरलेला रंग घेऊन गोठ्यात गेले. मी मागून बघत होते. त्यांनी त्या पट्टीला, फक्त त्या पट्टीला, बोटानं हुरमुंज लावला, हळदकुंकू वाहिलं आणि कपाळ टेकवलं. आई म्हणाली, दरसाल करतात, कुणाला सांगू देत नाहीत.

मी सांगितलं. सांगलीला परत आल्यावर एसटीडीच्या बूथवरून दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.  

दादा म्हणाला, "पट्टी ढिली तर झाली न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हणाले. "घट्ट हाय."